वेष्टनं, छपाई, घरातल्या वस्तू: डिझाइनमधल्या भारी जागा

पुठ्ठेवाला
फोटो टाकून "कसलं गोड!" म्हणायला इथे बरेच धागे आहेत. हा धागा त्याच्या पुढच्या प्रश्नासाठी: ते तसं का केलंय, चालतं कसं आणि फसतं कुठे. वस्तू महागडी किंवा दुर्मीळ नको. कचऱ्यात जाणारी असली तर उत्तमच.

सुरुवात शीतपेयाच्या कॅनच्या झाकणापासून. टॅबचं मागचं टोक उचलायला लागलो की टॅबचं नाक झाकणावर टेकलेलं असतं. तो टेकू. मधला रिव्हेट थोडा वर ओढला जातो, तोंडाच्या पाकळीभोवतीच्या खाचेला बारीक फट पडते आणि वायू फुस्सकन बाहेर येतो. इथवर ही दुसऱ्या प्रकारची तरफ. आतला दाब उतरला की टेकू रिव्हेटपाशी सरकतो, नाक खाली दाबलं जातं आणि पाकळी आत ढकलली जाते. म्हणजे आता पहिल्या प्रकारची तरफ. एकाच हालचालीत दोन यंत्रं! आधी दाब सोडायचा आणि मगच दार उघडायचं, हा क्रम वापरणाऱ्याला सांगावाच लागत नाही.

आणखी दोन गोष्टी. रिव्हेट हा वेगळा तुकडा नसतो. झाकणाच्याच पत्र्याला फुगवटा आणून त्यात टॅब अडकवतात आणि फुगवटा चेपतात, त्यामुळे भोक नाही आणि गळतीही नाही. शिवाय पाकळीभोवतीची खाच पूर्ण गोल नसते. एका बाजूला थोडा पत्रा अखंड ठेवतात, तीच बिजागरी. त्याआधीची, १९६३ साली पेटंट मिळालेली एर्मल फ्रेझ यांची कडी ओढून पूर्ण निघायची आणि जिथेतिथे पडून पाय कापायची. न निघणारा टॅब डॅनिअल कुड्झिक यांनी १९७०च्या दशकात आणला.

फसतं कुठे: टॅब वाकडा ओढला तर रिव्हेटच्या मानेशी तुटतो. अशा वेळी चमच्याच्या मागच्या टोकाने खाचेच्या आतल्या कडेला, नाकाच्या जागी, हळूहळू दाबा. मधोमध दणका दिला तर दाब एकदम सुटतो आणि सगळं अंगावर येतं.

आडवातिडवा
मस्त सुरुवात. कॅनची मान आत का घेतलेली असते तेही यात यायला हवं. भिंत जेमतेम ०.१ मिमी जाड, पण झाकणाचा पत्रा त्याच्या दुपटीहून जाड लागतो, कारण सपाट भागाला दाब सोसायचा असतो. मिश्रधातूही वेगळा, झाकणात मॅग्नेशियम जास्त. म्हणून झाकणाचा व्यास जितका कमी तितकं ॲल्युमिनियम वाचतं. बुडाचा आत गेलेला घुमट हाही दाबासाठीच, आणि त्याची कड खालच्या कॅनच्या झाकणात बसते, त्यामुळे थप्पी सरकत नाही.

टीपकागद
टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटीवरचा रंगीत चौकोन घ्या. "हिरवा म्हणजे नैसर्गिक, काळा म्हणजे रसायनं" हे ढकलपत्र अजून फिरतंय. त्याला काही आधार नाही.

ट्यूब कारखान्यात उलटी उभी असते: टोपण खाली, शेपूट उघडी. शेपटीतून पेस्ट भरायची आणि मग चपटी करून सील मारायचं. पण ट्यूब गोल असल्यामुळे कोणत्याही कोनात उभी असू शकते. सील भलत्या कोनात बसलं तर नाव अर्धं पुढे, अर्धं मागे. म्हणून यंत्र ट्यूब स्वतःभोवती फिरवतं, प्रकाशसंवेदक तो चौकोन शोधतो, सापडला की फिरणं थांबतं आणि जबडा मिटतो. रंग कोणता हे महत्त्वाचं नाही. मागच्या रंगापेक्षा तो पुरेसा वेगळा दिसला पाहिजे, एवढंच.

नवखे डिझायनर इथे हमखास अडकतात: फिरताना संवेदकासमोरून जाणाऱ्या पूर्ण पट्ट्यात दुसरं काहीही छापायचं नसतं. तिथे गडद नक्षी आली की संवेदक तिलाच खूण समजतो आणि सगळा लॉट तिरका सील होतो. फिक्या निळ्यावर फिका हिरवा चौकोन हाही असाच घोळ.

रेघोट्या
+१. खोक्याच्या आतल्या पाकळीवरचे रंगीत ठिपके त्याच जातकुळीतले. निळसर, किरमिजी, पिवळा, काळा हे चार नेहमीचे, आणि पाचवा-सहावा ठिपका असेल तर समजायचं की ब्रँडचा रंग वेगळी शाई घोटून छापलाय. छापणारा त्यावरून शाईचा थर मोजतो. पाकळी चिकटल्यावर दिसणार नाही अशी जागा शोधून ते ठेवलेले असतात.

छपाई नीट बसलीय का हे बघायचं तर भिंग घ्या आणि रंगीत पार्श्वभूमीवरचं पांढरं बारीक अक्षर बघा. अक्षराच्या एका बाजूला किरमिजी किनार आणि विरुद्ध बाजूला निळसर दिसली, तर एक रंग सरकलाय. हे टाळायला दोन रंग जिथे भिडतात तिथे फिका रंग गडद रंगाखाली थोडा घुसवतात. ऑफसेटला (प्लेटवरून रबरी चादरीवर आणि तिथून कागदावर होणारी छपाई) साधारण ०.१ मिमी पुरतं. फ्लेक्सोमध्ये रबरी प्लेट ताणली जाते, तिथे त्याच्या काही पट ठेवावं लागतं. आणि बारीक मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईत. चार रंग मिसळून केलेलं "गडद काळं" सहा-सात पॉइंटच्या अक्षराला दिलं की अक्षर भुतासारखं दुहेरी दिसतं.

नवशिका_०७
बारकोडला गवत, पाऊस, झेब्रा वगैरे केलेलं दिसतं. ते स्कॅन होतं? मला एका लेबलसाठी करायचंय.

टीपकागद
होतं, पण चौकटीत राहून. स्कॅनर आडवी रेघ मारून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी मोजतो, उंचीशी त्याला घेणंदेणं नाही. म्हणून रेघा वर किंवा खाली वाढवून गवताची पाती करा, पण मधला एक सलग पट्टा सरळ आणि पूर्ण रुंदीचा सोडा. मी उंचीच्या निम्मा तरी सोडा म्हणेन. कॅशियरच्या हातात वस्तू वाकडी असते, आणि पट्टा बुटका असेल तर रेघ तिरपी जाऊन नक्षीत घुसते.

मापं: १३ अंकी कोड पूर्ण आकारात बाजूच्या मोकळ्या जागेसकट ३७.२९ मिमी रुंद, सर्वांत बारीक रेघ ०.३३ मिमी. ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो. मोकळी जागा डावीकडे ११ आणि उजवीकडे ७ बारीक रेघांएवढी. कोड वाचला न जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: मोकळी जागा "रिकामी दिसते" म्हणून कोणीतरी तिथे चौकट काढतं.

रंग: बहुतेक लेझर स्कॅनरचा प्रकाश लाल. लाल रेघ त्याला पांढरीच दिसते. त्यामुळे पांढऱ्यावर लाल बारकोड म्हणजे स्कॅनरसाठी कोरा कागद. पिवळ्या, नारिंगी किंवा लाल पार्श्वभूमीवर काळा, गडद निळा, गडद हिरवा चालतो. चंदेरी, चकाकणाऱ्या फॉइलवर थेट छापू नका, खाली पांढरा थर द्या.

गोल बाटली असेल तर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या करा. उभ्या ठेवल्या तर कडेच्या रेघा गोलाईवर वळून अरुंद भासतात.

आडवातिडवा
शेवटचा अंक स्वतः तपासता येतो, तेही सांगून टाकतो. पहिल्या बारा अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, पुढच्या दहाच्या पटीला किती कमी पडतात तो तेरावा अंक. उदा. १२३४५६७८९०१२: १+६+३+१२+५+१८+७+२४+९+०+१+६ = ९२. शंभराला आठ कमी, म्हणून ८. कुठलाही एक अंक चुकला तर पकडला जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुधा पकडला जातो, फक्त त्यांच्यात पाचाचा फरक असेल (१ आणि ६, २ आणि ७) तर निसटतो.

त्याहून भारी म्हणजे पहिला अंक रेघांमध्ये नसतोच! रेघा बाराच अंकांच्या. डाव्या सहा अंकांना प्रत्येकी दोन प्रकारच्या रेघा उपलब्ध आहेत, आणि कोणत्या जागी कोणता प्रकार वापरलाय त्या क्रमावरून स्कॅनर तो पहिला अंक ओळखतो. जुन्या बारा अंकी पद्धतीत नवा अंक असा बसवला.

घडीमोड
कागदाकडे वळू या. टेट्रा पॅकचं पहिलं यंत्र १९५२चं, आणि पुडा वीट नव्हे तर चार त्रिकोणी तोंडांचा. कागदाची अखंड नळी वरून खाली येते, तिच्यात द्रव भरलेला असतो आणि सील द्रवाच्या पातळीखालीच मारतात, म्हणजे आत हवा उरत नाही. एक सील आडवं, पुढचं त्याला काटकोनात. चौफलक आपोआप तयार. कापून टाकावा असा तुकडा निघतच नाही.

घरी भेटवस्तूचा पुडा म्हणून करायचा तर: कडेची लांबी १० सेंमी हवी असेल तर कागद २१ सेंमी रुंद (दोन बाजूंचे २०, चिकटवायला १). उंची म्हणजे कडेच्या ०.८७ पट, ८.७ सेंमी, अधिक दोन्ही सीलना एकेक सेंमी: १०.७. नळी करून चिकटवा, खालचं तोंड चपटं करून बंद करा, वस्तू टाका, मग वरचं तोंड खालच्याला काटकोनात चपटं करा. ०.८७ का? समभुज त्रिकोणाची उंची तेवढीच असते. उंची जास्त घेतलीत तर पुडा लांबोडका होतो, चालतो, पण टेबलावर चारही बाजूंनी सारखा बसत नाही. १५० ग्रॅमहून (दर चौरस मीटरचं वजन) जाड कागदाला सीलच्या दोन्ही टोकांशी सुरकुत्या पडतात.

पुठ्ठेवाला
वा! आणि वीट आकाराचा पुडा १९६३ पासून, कारण चौफलक वाहतुकीच्या क्रेटमध्ये धड रचता येत नव्हते.

घडीमोड
एवढ्यात थांबत नाही. जपानी शास्त्रज्ञ कोर्‍यो मिउरा यांची नकाशाची घडी. काटकोनात घातलेल्या साध्या घड्यांचा नकाशा दोन कारणांनी वैताग देतो: कोणती घडी आधी उलटायची हे लक्षात राहत नाही, आणि चार घड्या मिळतात त्या बिंदूशी कागद झिजून फाटतो. मिउरांनी उभ्या घड्या किंचित तिरप्या केल्या. आता बिंदू एकावर एक येत नाहीत, आणि सगळ्या घड्या एकमेकींना बांधल्या जातात: समोरासमोरचे दोन कोपरे ओढले की पूर्ण उघडतो, ढकलले की मिटतो. १९९५ साली सोडलेल्या जपानी अवकाशयानावरचं सौरपटल याच तत्त्वाने उघडलं.

करायचं असं:
१. कागदाला लांबीच्या दिशेने पंख्यासारख्या सारख्या पाच पट्ट्या पाडा. विषम संख्याच घ्या, म्हणजे विरुद्ध कोपरे बाहेर राहतात.
२. ती मिटलेली पट्टी आडवी ठेवा. टोकापासून सातव्या हिश्श्यावर घडी घाला, पण बरोब्बर काटकोनात नको, सुमारे ६ अंश तिरपी.
३. पुढची घडी उलट दिशेने अशी, की पट्टीची कड पुन्हा मूळ कडेला समांतर येईल. असे सात भाग होईपर्यंत पुढेमागे.
४. प्रत्येक घडी नखाने दोन्ही बाजूंनी उलटवून घ्या. हे टाळलंत तर पुढची पायरी होत नाही.
५. पूर्ण उघडा. आता नागमोडी उभ्या रेघा दिसतील. एक अख्खी रेघ वर, शेजारची अख्खी खाली, अशा आळीपाळीने चिमटत एका कोपऱ्यापासून मिटत जा. आडव्या सरळ रेघा मात्र प्रत्येक तुकड्याला वर-खाली बदलतात.

फसतं ते दोन ठिकाणी. कोन फारच कमी घेतला तर बिंदू पुन्हा एकावर एक येतात, १० अंशांच्या पुढे गेला तर मिटलेला नकाशा पायऱ्यापायऱ्यांचा होऊन खिशात मावत नाही.

नवशिका_०७
अर्धी-घसरण नक्षी (शेजारची उभी ओळ अर्ध्या उंचीने खाली सरकलेली) कागदावर हाताने कशी जुळवतात? संगणकावर जमतं, हाताने कडेला शिवण दिसते.

रेघोट्या
सरळ जुळणीची युक्ती बहुतेकांना माहीत असते: कागद चार तुकडे करून समोरासमोरचे अदलाबदल. अर्ध्या-घसरणीला ती जशीच्या तशी लावली की शिवण दिसणारच.

चौकोनी कागद घ्या, मध्यभागी चित्र काढा, कडांना अजिबात टेकू देऊ नका. मागे पेन्सिलीने नावं घाला: वर डावा क, वर उजवा ख, खाली डावा ग, खाली उजवा घ. मग बरोबर मधोमध उभा-आडवा कापा.

पहिली मांडणी: वर ख, ग. खाली घ, क. मागून चिकटपट्टी लावा. आता मधल्या उभ्या सांध्यावर आणि उजव्या अर्ध्यातल्या आडव्या सांध्यावर (ग आणि क यांच्यात) रिकामी जागा दिसेल, तिथे चित्र भरा. बाहेरच्या कडांना पुन्हा टेकायचं नाही.

दुसरी मांडणी: वरची ओळ उचलून खाली. म्हणजे वर घ, क. खाली ख, ग. आता उरतो फक्त डावीकडचा, घ आणि ख मधला सांधा. तो भरा. मग चारही तुकडे मूळ जागी आणा. झालं तुमचं एकक. छापताना शेजारचा रकाना दर वेळी अर्ध्या उंचीने खाली.

मधली रेघ एक मिलिमीटरही इकडेतिकडे झाली तर प्रत्येक फेरीत ती चूक वाढते, म्हणून पट्टीने मोजून दोन्ही कर्ण काढा आणि तिथूनच मध्य घ्या. तपासायला निदान ३×३ एककं शेजारी लावून लांबून डोळे बारीक करून बघा. एखादं फूल बाकीच्यांपेक्षा गडद असेल तर सरळ जुळणीत त्याची आडवी ओळ दिसते, अर्ध्या-घसरणीत तिरपी. ओळ दिसली तर फूल हलवू नका, त्याचा रंग एक छटा उतरवा किंवा शेजारी तेवढंच गडद पान घाला.

अवांतर: इंग्रज डिझायनर विल्यम मॉरिस यांची १८८३ची 'स्ट्रॉबेरी थीफ' ही पक्ष्यांची नक्षी मोठी करून बघा. तिथे निळ्या जमिनीवर रंग छापलेले नाहीत. आधी अख्खं कापड निळीत बुडवलं, मग विरंजक छापून निळा काढला, आणि त्या मोकळ्या जागी लाल-पिवळा. म्हणून कडा इतक्या एकजीव. हाच परिणाम वरून शाई छापून साधू पाहणाऱ्या नकला सपाट का दिसतात, त्याचं उत्तर इथे आहे.

खिळपाटी
हत्यारं कुणी घेतलीच नाहीत! मोजपट्टीच्या टोकाचा आकडा (हूक) हलतो, तो ढिला झालेला नसतो. त्याची भोकं मुद्दाम लांबट असतात, आणि तो बरोबर स्वतःच्या जाडीएवढा, म्हणजे जवळपास १ मिमी सरकतो. बाहेरून कडेला अडकवून ओढलं की आकडा बाहेर येतो, आणि त्याची आतली बाजू शून्यावर. आतून भिंतीला टेकवून दाबलं की आत जातो, आणि बाहेरची बाजू शून्यावर. दोन्ही मापं खरी.

हे माहीत नसलेले लोक हातोडीने रिव्हेट ठोकून आकडा "पक्का" करतात आणि मग आतलं किंवा बाहेरचं, एक माप कायम चुकतं. पट्टी सोडून फटकन आत जाऊ दिली तरी हळूहळू आकडा वाकतो. तपासणी सोपी: एका लाकडी ठोकळ्याची लांबी बाहेरून अडकवून मोजा. मग तोच ठोकळा भिंतीला भिडवून, पट्टीचं टोक भिंतीला टेकवून मोजा. दोन्ही जुळले पाहिजेत. अगदी अचूक हवं तर आकडा वापरूच नका, १० सेंमीच्या खुणेपासून मोजा आणि १० वजा करा. (वजा करायचं विसरणं हा या पद्धतीचा एकमेव तोटा, आणि तो मोठा आहे.)

आकड्यातली चीर खिळ्याच्या डोक्यात अडकवण्यासाठी. एकट्याने मोठं वर्तुळ काढता येतं. पट्टीला आडवा बाक का, तर त्यामुळेच ती आधाराशिवाय ताठ उभी राहते. बाक मोडला की त्या जागी ती कायम लुळी.

आडवातिडवा
तोडीव पात्याचा कटरही घ्या यात. १९५६, जपान, योशिओ ओकादा. चॉकलेटच्या वडीसारखं पात्यावर रेघा आणि बोथट झालेला तुकडा मोडून टाकायचा. त्यांच्या ओल्फा कंपनीच्या पात्याचा तो ५९ अंशांचा कोन आणि ९ व १८ मिमी रुंदी आज जवळपास सगळीकडे सारखी आहे. लहान कटरच्या शेपटीचं टोपण काढलं की त्यात चीर असते, ती पातं मोडण्यासाठी. पक्कड शोधत बसू नये. मोडताना रेघांची बाजू वर, रेघेपाशी चीर, आणि वाकवायचं रेघेपासून दूर. कापताना एकच तुकडा बाहेर ठेवा. तीन-चार तुकडे बाहेर काढून पुठ्ठा कापला की पातं मधल्या रेघेशी तुटून उडतं.

नवशिका_०७
खणातले कप्पे जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्यातून करतोय. उभे राहतच नाहीत, वाकतात.

पुठ्ठेवाला
नळ्या आडव्या आल्या असणार. पन्हळी पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या उभ्या असल्या तरच तो भार घेतो. कोणतंही खोकं बघा, बाजूच्या भिंतीत नळ्या उभ्याच असतात. त्यामुळे पट्ट्या कापताना पट्टीची उंची नळीच्या दिशेने.

फुलीच्या कप्प्यांसाठी खाच निम्म्या उंचीची अधिक २ मिमी, रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढी (सी प्रकारचा सुमारे ४ मिमी, बी सुमारे ३). एका पट्टीला खाच वरून, दुसरीला खालून. घडी हवी तिथे आधी बोथट काहीतरी, बंद बॉलपेन चालेल, पट्टीला लावून दाबत फिरवा, मग मोडा. तसंच मोडलंत तर पुठ्ठा रेघ सोडून जवळच्या नळीच्या कडेला मोडतो. आणि प्रत्येक घडीत साधारण पुठ्ठ्याच्या जाडीएवढी लांबी खर्च होते, म्हणून चार भिंतींची पट्टी कापताना तीन घड्यांचे ९ ते १२ मिमी आधीच वाढवा. नाहीतर चौथी भिंत तोकडी पडते.

नवशिका_०७
नळ्या आडव्याच होत्या. एक शंका: खोक्यावरची छपाई आत घेऊ की बाहेर?

पुठ्ठेवाला
आत. आणि चिकटपट्टीचा जुना तुकडा निघालेला भाग टाकून द्या. तिथे वरचा कागद सोलला गेलेला असतो, घडी तिथेच फाटते.